हाय-फायसाठी पॉवर स्ट्रिप कोणती घ्यावी? आणि लाइनमधून येणारी घरघर कशी घालवावी?

पंचमनिषाद
हॉलमधल्या संचासाठी नवी पॉवर स्ट्रिप घ्यायची आहे. संच असा: क्लास एबी इंटिग्रेटेड अँप (दर चॅनेलला ६० वॅट, टोरॉइडल म्हणजे कड्यासारख्या कोअरचा ट्रान्सफॉर्मर), डेस्कटॉपला यूएसबीने जोडलेला डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारा डबा), एमएम कार्ट्रिजचा (फिरत्या चुंबकाच्या पिकअपचा) टर्नटेबल आणि त्याचा बारीक सिग्नल मोठा करणारा वेगळा फोनो प्रीअँप. टीव्हीचा आवाजही अँपमधूनच येतो, टीव्हीला डिशचा सेट-टॉप बॉक्स आहे. सध्या हे सगळं दोन एक्स्टेंशन बोर्डांवर चालतं आणि ते दोन वेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटांत आहेत.

तक्रारी तीन. स्पीकरमधून सतत खालच्या पट्टीतली घूं येते, व्हॉल्यूम वाढवला की तीही वाढते. फ्रिज चालू-बंद होताना स्पीकरमध्ये टक् वाजतं. आणि रात्री अकरानंतर अँपच्या डब्यातूनच गुणगुण येते, तेव्हा व्हॉल्यूम शून्यावर असला तरी फरक पडत नाही.

दुकानदार १८ हजारांची स्ट्रिप सुचवतो आहे: आत फिल्टर, सर्ज प्रोटेक्शन, सॉकेटला रोडियमचा मुलामा. एवढे पैसे घालून हे तिन्ही जाईल का? नसेल जात तर काय घ्यावं?

शून्य_ओहम
तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत, त्यामुळे एका स्ट्रिपने तिन्ही जाणार नाहीत. १८ हजार तूर्त खिशातच राहू द्या.

व्हॉल्यूमबरोबर वाढणारी घूं हा बहुधा अर्थ लूप, म्हणजे उपकरणं एकापेक्षा जास्त ठिकाणी अर्थला जोडली गेल्याने तयार झालेलं तारांचं कडं. डेस्कटॉपची बॉडी त्याच्या तीन पिनांच्या प्लगमधून एका भिंतीच्या अर्थला जोडलेली, अँप दुसऱ्या भिंतीच्या अर्थला आणि डिशच्या केबलचं शील्ड (बाहेरची जाळी) गच्चीवरच्या लोखंडाला. या ठिकाणांच्या अर्थमध्ये थोडा तरी व्होल्टेजचा फरक असतोच. तो फरक मिटवायला जो करंट वाहतो, तो तुमच्या आरसीए केबलच्या (उपकरणं अँपला जोडणाऱ्या ऑडिओ केबलच्या) शील्डमधून जातो. शील्ड आणि प्लगचा सांधा मिळून ०.०५ ओहम धरा, त्यातून १० मिलीअँप गेले की ०.५ मिलीव्होल्ट तयार. २ व्होल्टच्या लाइन सिग्नलच्या तुलनेत हे ७२ डेसिबल खाली असतं, पण शांत खोलीत स्पष्ट ऐकू येतं.

फ्रिजचा टक् म्हणजे थर्मोस्टॅट किंवा रिलेच्या संपर्कावर उडणारी ठिणगी. रात्रीची गुणगुण स्पीकरमधून येतच नाही, ती ट्रान्सफॉर्मरची आहे. रात्री लोड कमी झाला की व्होल्टेज चढतं आणि टोरॉइडचा कोअर संपृक्त व्हायला लागतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही.

आधी मोजा, मग खरेदी करा. मल्टीमीटर एसीवर ठेवून संच लावलेल्या सॉकेटात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ हे तिन्ही आकडे घ्या, संध्याकाळी आणि रात्री अकरानंतर. मीटर आणि प्रोब घरातल्या लाइनवर चालणारे, कॅट २ किंवा कॅट ३ या सुरक्षा वर्गाचे असावेत.

कोमलगांधार
अर्थ लूप आहे तर अँपच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकली की आवाज जातो असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. तो उपाय का नको?

फेजन्यूट्रल
ताई, तो उपाय कृपया कुणीच करू नका. आवाज जातो हे खरं, पण अँपच्या आत फेजची तार सुटून बॉडीला लागली तर एमसीबी उडणार नाही, अख्खा डबा २३० व्होल्टवर राहील आणि आरसीएच्या शील्डमधून डॅक, डेस्कटॉप, टर्नटेबलचा आर्म, सगळं जिवंत होईल. ज्या उपकरणावर चौकोनात चौकोन ही खूण असते त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं, त्याला अर्थ लागत नाही. बाकी सगळ्यांना तिसरी पिन हवीच. लूप तोडायचा तर सिग्नलच्या बाजूने तोडायचा, विजेच्या बाजूने नाही.

शून्य_ओहम
फेजन्यूट्रल यांच्याशी शंभर टक्के सहमत.

सिग्नलच्या बाजूने तोडण्याआधी लूप कुठून होतोय ते शोधावं लागेल. अँपच्या मागच्या सगळ्या आरसीए काढा, फक्त स्पीकर ठेवा. घूं असेल तर दोष अँपमध्येच आहे. नसेल तर एकेक उपकरण जोडत जा. डॅक जोडल्यावर घूं आली तर त्याची यूएसबी उपटून बघा. टीव्हीची केबल जोडल्यावर आली तर डिशची कोअॅक्स सेट-टॉप बॉक्समधून काढा. लॅपटॉप वापरत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आरसीए लावताना-काढताना अँप बंद असावा.

आवाजाची जातही बरंच सांगते. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही अॅप घ्या, फोन वूफरसमोर धरा. ५०, १५०, २५० हर्ट्झवर शिखरं दिसली तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थ लूप. १००, २००, ३०० अशी दिसली तर रेक्टिफायरच्या चार्जिंगचा करंट सिग्नलच्या ग्राउंडमध्ये शिरतोय किंवा फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत. हे दुसरं असेल तर बाहेरून काहीही लावून उपयोग नाही, अँप उघडावा लागतो.

गुंजारव
"१८ हजार खिशातच राहू द्या" हे जरा घाईने झालं असं वाटतं. चांगल्या पॉवर कंडिशनरने (लाइन गाळणाऱ्या डब्याने) फरक पडतो हे अनेकांनी ऐकलंय. आजच्या इमारतीत लिफ्टला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट), प्रत्येक घरात पंधरा-वीस एलईडी दिवे, इन्व्हर्टर एसी, मोबाइलचे चार्जर. पन्नास वर्षांपूर्वीची लाइन आणि आजची लाइन यांत फरक आहे. जाड पॉवर केबल आणि फिल्टर असलेली स्ट्रिप यांनी पार्श्वभूमी शांत होते.

शून्य_ओहम
@गुंजारव, लाइन घाण झालीय यावर वादच नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या करूया.

केबलचा जाडपणा: बाजारातल्या साध्या स्ट्रिपला ०.७५ चौरस मिलिमीटरची तार असते, मीटरला साधारण ०.०२६ ओहम. दीड मीटरच्या केबलमध्ये जाऊन-येऊन ३ मीटर, म्हणजे ०.०८ ओहम. तुमचा अख्खा संच सरासरी १ अँपसुद्धा घेत नाही, घेतला तरी पडणारं व्होल्टेज ०.०८. याच्यामागे भिंतीत १.५ चौरस मिमीची १५-२० मीटर तार आहे, मीटरला ०.०१२ ओहमची, आणि त्याच्यामागे इमारतीची केबल. शेवटचा दीड मीटर सोन्याचा केला तरी मागचं बदलत नाही.

फिल्टर: साधा ईएमआय (विद्युतचुंबकीय व्यत्यय अडवणारा) फिल्टर १५० किलोहर्ट्झच्या वर काम करतो. ५० हर्ट्झ तर त्यातून जायलाच हवेत आणि १००, १५० हर्ट्झवरही त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. त्यामुळे धागाकर्त्यांची घूं आणि गुणगुण दोन्ही फिल्टरने जाणार नाहीत. फिल्टर एसएमपीएस (चार्जर, पीसीमधला स्विचिंग पॉवर सप्लाय), व्हीएफडी आणि एलईडी ड्रायव्हरच्या उच्च वारंवारतेच्या कचऱ्यावर चालतो. तो कचरा फोनो प्रीअँपमध्ये शिरून डिमॉड्युलेट झाला (ऐकू येणाऱ्या वारंवारतेत उतरला) तर खरखर किंवा सूं सूं म्हणून ऐकू येतो. तशी तक्रार असेल तर फिल्टर जरूर लावावा.

गुंजारव
उच्च वारंवारतेचं मान्य. माझा मुद्दा मुळात तोच होता, मी घूंबद्दल बोलत नव्हतो. पण मग फिल्टर स्ट्रिपमध्ये असावा की उपकरणाजवळ?

शून्य_ओहम
कचरा जिथे तयार होतो त्याच्या जितका जवळ तितका चांगला. पीसी आणि अडॅप्टर एका फिल्टरमागे ठेवले तर त्यांचा कचरा स्ट्रिपमधून अँपकडे येत नाही. सगळंच एका फिल्टरमागे एकत्र ठेवलं तर पीसीची घाण फिल्टरच्या आतच अँपशेजारी फिरत राहते. महागड्या स्ट्रिपमध्ये सॉकेटांचे दोन-तीन गट वेगळे केलेले असतात त्याचं कारण हेच, आणि ती सोय खरोखर कामाची आहे.

आणखी एक: फिल्टरच्या कागदावर "१ मेगाहर्ट्झला ४० डेसिबल" असं लिहिलेलं असतं ते दोन्ही बाजूंना ५० ओहम धरून केलेलं मोजमाप. घरच्या लाइनचा इम्पिडन्स तसा नसतो, म्हणून आकडा तुलनेपुरताच घ्या.

फेजन्यूट्रल
फिल्टरबद्दल मी एक महत्त्वाचं सांगतो, कारण जुन्या इमारतींत हे रोज दिसतं. फिल्टरच्या आत फेजपासून अर्थला आणि न्यूट्रलपासून अर्थला वाय कपॅसिटर असतात. ४.७ नॅनोफॅरडचा असेल तर २३० व्होल्टला सुमारे ०.३४ मिलीअँप अर्थमध्ये जातात. अर्थिंग चांगलं असेल तर काही बिघडत नाही. पण सॉकेटची अर्थ कुठेच जोडलेली नसेल तर दोन कपॅसिटरच्या मधोमध स्ट्रिपची अर्थपट्टी सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते. लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात ना, ते हेच. अशा घरात फिल्टरवाली स्ट्रिप लावली की त्रास उलट वाढतो, कारण सगळ्या उपकरणांची बॉडी मिळून त्या ११५ व्होल्टवर जाते आणि गळती सिग्नलच्या शील्डमधून वाट शोधते.

म्हणून स्ट्रिपच्या आधी अर्थ. फेज-अर्थ व्होल्टेज फेज-न्यूट्रलच्या जवळपास असायला हवं. न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ६०, ९०, ११० असं काहीतरी दिसलं तर अर्थ तरंगतेय. ज्या सोसायटीत आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नाही तिथे वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा जुना बल्ब लावून बघतात, तो पूर्ण पेटला पाहिजे. ३० मिलीअँपचा आरसीसीबी असेल तर तो लगेच उडेल, ती अर्थ जोडलेली असल्याची खूणच आहे.

आता सगळ्यात घातक प्रकार. काही ठिकाणी सॉकेटाच्या आत न्यूट्रल आणि अर्थ तुकडा टाकून जोडून देतात. टेस्टर ठीक दाखवतो, मल्टीमीटर न्यूट्रल-अर्थ ०.० दाखवतो आणि घरमालक खूश. पण मागे न्यूट्रल तुटला की त्या सॉकेटात लावलेल्या प्रत्येक उपकरणाच्या बॉडीवर फेज येतो. तपासायचं असं: त्याच सर्किटवर १००० वॅटची इस्त्री लावा. भिंतीतल्या तारेतून ४.३ अँप गेले की १.५ चौरस मिमीच्या १५ मीटर तारेवर पाऊण-एक व्होल्ट पडतं, तेवढं न्यूट्रल-अर्थ वाढायला हवं. इस्त्री लावूनही ०.० च राहिलं तर सॉकेट उघडून बघायलाच हवं, आणि ते परवानाधारक वायरमनकडून.

सागरतीर
फार कामाचा प्रतिसाद. कोकणात आणखी एक भर: खाऱ्या हवेत सॉकेटच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, त्यावर प्लग सैल बसतो आणि आवाज येऊ लागतो. इथे स्ट्रिप दर दोन-तीन वर्षांनी बदलणं हाच उपाय. पावसाळ्यात विजा सुरू झाल्या की सर्ज प्रोटेक्टरवर विसंबू नये, प्लगच उपटावा. डिशची कोअॅक्स आणि राउटरची लॅन केबलही काढावी, वीज त्यातूनही येते.

मध्यलय
स्पाइक बस्टर म्हणून ५००-७०० रुपयांना मिळतात, त्यात सर्ज प्रोटेक्शन असतं ना? तेवढ्याने भागत नाही का?

फेजन्यूट्रल
त्यातला एखादा उघडून बघा. बहुतेकांत फेज-न्यूट्रलमध्ये निळी किंवा पिवळी, दहा मिलिमीटरची एक चकती असते, तीच एमओव्ही, जास्तीचं व्होल्टेज जिरवणारी. सोबत थर्मल फ्यूज नसतो, कॉइल नसते, फेज-अर्थला काही नसतं. एमओव्ही झिजत जाते, गळती वाढून तापते आणि थर्मल फ्यूज नसेल तर प्लास्टिक पेटू शकतं. आतल्या संपर्काच्या पट्ट्या काही स्ट्रिपमध्ये पत्र्याच्या असतात. छोटं निओडिमियमचं चुंबक जवळ नेलं की कळतं, पितळेला चुंबक ओढत नाही. तारा झाळलेल्या असतात, पण पट्टीवर नुसता डाग टाकलेला, हलवलं की सुटणारा.

मोठी अडचण त्या "कुठलाही प्लग बसेल" अशा युनिव्हर्सल सॉकेटांची. सगळ्या देशांच्या पिना बसवायच्या म्हणून पकड कशाचीच घट्ट नसते. आपल्या ६ अँपच्या गोल पिना त्यात एका रेषेवर टेकतात. सैल संपर्काचा रोध ०.१ ओहम झाला आणि ५ अँप गेले तर त्या एका पिनेवर २.५ वॅट उष्णता. प्लास्टिक मऊ पडतं, पकड आणखी सैल होते, आणि मग चर्रचर्र. हाय-फायमध्ये "लाइन नॉइज" म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच या सैल सॉकेटाच्या निघतात.

एमओव्ही घ्यायचीच तर २० मिलिमीटरची. २७५ व्होल्टची, म्हणजे तिच्यावर ४३१ असा आकडा असलेली, सर्रास वापरतात. पण आपल्याकडे तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रल तुटला की घरात साडेतीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात. त्यात कुठलीच एमओव्ही टिकत नाही, पण ३२० व्होल्टची, ५११ आकड्याची, साध्या चढउतारात कमी झिजते. न्यूट्रल तुटण्यावर खरा उपाय मेन बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले, आणि वीज पडण्यासाठी तिथेच टाइप २ चा एसपीडी (सर्ज प्रोटेक्टर). त्याच्या तारा अर्ध्या मीटरच्या आत ठेवाव्यात, लांब तारेवर पडणारं व्होल्टेज प्रोटेक्शनमध्येच मिळवलं जातं.

हडसनकाठ
न्यू जर्सीतून एक सावधगिरीची सूचना. इथून भारतात जाताना लोक चांगली जड सर्ज स्ट्रिप सामानात टाकतात. इथली लाइन १२० व्होल्टची, त्यामुळे आतली एमओव्ही १३०-१५० व्होल्टची असते. २३० वर लावताक्षणी ती फुटते. संरक्षण नसलेली, फक्त सॉकेटांची पट्टी असेल तरी तिच्या आतल्या इंडिकेटरचा रेझिस्टर १२० साठीचा असतो. ती इकडेच राहू द्यावी. १२० व्होल्टचा अँप नेत असाल तर मागे व्होल्टेज सिलेक्टर आहे का बघा, नसेल तर योग्य व्हीएचा (क्षमतेचा) स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल.

जुनी_तबकडी
टर्नटेबलबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. एमएम कार्ट्रिज ५ मिलीव्होल्टच्या आसपास देतं, फोनो प्रीअँप ते सुमारे १०० पट करतो. त्यातून आरआयएए दुरुस्तीत (तबकडी कापताना दाबलेले खालचे सूर परत उचलण्याच्या ठरलेल्या पद्धतीत) १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ जवळजवळ १७ डेसिबलने उचलले जातात. म्हणजे घूं वाढवायला फोनोइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

इथे लाइनपेक्षा जागा महत्त्वाची. फोनो प्रीअँप अँपच्या ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला ठेवला असेल तर हातात घेऊन हळूहळू फिरवा आणि दूर न्या. एका कोनात घूं पडते, दुसऱ्यात वाढते. अँपच्या ट्रान्सफॉर्मरपासून निदान ३०-४० सेंटिमीटर अंतर ठेवा, त्याचा अडॅप्टरही कार्ट्रिजच्या जवळ नको. टर्नटेबलची वेगळी ग्राउंड तार प्रीअँपच्या स्क्रूलाच, भिंतीच्या अर्थला नव्हे. ती तार दोन ठिकाणी जोडली की नवा लूप तयार होतो.

मध्यलय
अवांतर प्रश्न: लोडशेडिंगमध्ये संच इन्व्हर्टरवर चालवला तर चालेल का? घरचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी वेव्हचा आहे.

शून्य_ओहम
चालेल, पण चांगला वाजणार नाही. साइन वेव्हचं शिखर ३२५ व्होल्ट असतं, २३० आरएमएसच्या चौकोनी वेव्हचं शिखर २३० च्या आसपास. अँपचे कपॅसिटर शिखरावर चार्ज होतात, म्हणजे आतलं डीसी सुमारे तीस टक्क्यांनी खाली येतं आणि मोठ्या आवाजाला अँप लवकर क्लिप होतो (आवाज फाटतो). शिवाय चौकोनी वेव्हमध्ये १५०, २५०, ३५० हर्ट्झ भरपूर असतात, ट्रान्सफॉर्मर त्यावर भुणभुणतो. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर अडचण नाही.

पंचमनिषाद
सर्वांचे आभार. आकडे घेतले. संध्याकाळी सात वाजता फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ १.२. इस्त्री लावल्यावर न्यूट्रल-अर्थ २.१. रात्री साडेअकराला फेज-न्यूट्रल २५२.

आरसीए काढत गेल्यावर: अँप एकटा शांत. डॅक जोडला तरी शांत. टीव्हीची आरसीए लावली की घूं, डिशची कोअॅक्स काढली की पूर्ण बंद. केबलवाल्यांकडे मिळणारा कोअॅक्स आयसोलेटर लावू का?

शून्य_ओहम
तुमची अर्थ चांगली आहे, ती काळजी मिटली.

कोअॅक्स आयसोलेटर डिशला लावू नका. केबल टीव्हीला तो चालतो, पण डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच कोअॅक्समधून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जातं. आयसोलेटरमधले कपॅसिटर ते अडवतात आणि चित्रच जातं. तुमच्याकडे सरळ उपाय म्हणजे टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून डॅकच्या ऑप्टिकल इनपुटला टॉसलिंक केबल. काचेतून किंवा प्लास्टिकमधून करंट जात नाही, लूप मुळातूनच संपतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आउटपुट पीसीएमवर (साध्या, न दाबलेल्या डिजिटल आवाजावर) ठेवा, नाहीतर डॅकला डॉल्बीचा प्रवाह कळत नाही आणि आवाज येत नाही. डॅकला ऑप्टिकल नसेल तर आरसीएच्या मध्ये ६००:६०० ओहमचे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावा, पण हलके घेतलेत तर खालचे सूर कापले जातात.

डॅककडून आज घूं नाही, म्हणून यूएसबी आयसोलेटरची गरज नाही. पुढे लागलाच तर एडीयूएम ४१६० चिपचे स्वस्त आयसोलेटर फक्त फुल स्पीडचे, १२ मेगाबिटचे असतात. त्यावर २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंतच चालतं आणि हाय स्पीडचा डॅक ओळखलाच जात नाही असंही होतं.

जुनी_तबकडी
२५२ हाच रात्रीच्या गुणगुणीचा धनी. अँपच्या मागच्या पाटीवर २२० लिहिलंय की २३०? आणि तळाला किंवा आत २४० चा टॅप (ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचं २४० व्होल्टसाठीचं टोक) आहे का? असला तर टॅप बदलणं सगळ्यात स्वच्छ.

शून्य_ओहम
बरोबर. टॅप नसेल तर बक, म्हणजे व्होल्टेज थोडं उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर. १२ व्होल्ट, ३ अँपचा साधा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, प्रायमरी लाइनवर, सेकंडरी फेजच्या वाटेत उलट दिशेने सिरीजमध्ये. २५२ चे २४० होतात. संचाचा सगळा करंट सेकंडरीतून जातो, म्हणून ३ अँप, त्याच्या आधी ३ अँपचा स्लो-ब्लो फ्यूज आणि डबा धातूचा, अर्थ केलेला. दिशा चुकली तर २४० ऐवजी २६४ होतील, म्हणून काहीही जोडण्याआधी आउटपुट मोजायचंच. हे काम लाइनच्या व्होल्टेजवरचं आहे, हाताला सवय नसेल तर ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून तयार डबा करून घ्या. आणि रात्री सतत २५० च्या वर राहत असेल तर वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा, ट्रान्सफॉर्मरचा टॅप त्यांना खाली घेता येतो.

संध्याकाळी २३१ असतानाही गुणगुण आली तर लाइनवर डीसी आहे का ते बघा. स्वस्त हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर डायोडने अर्धीच वेव्ह वापरतो. घरात तो चालू केल्यावर गुणगुण जोरात झाली तर तुमचा टोरॉइड डीसीला हळवा आहे. अर्धा-एक व्होल्ट डीसीही टोरॉइडला पुरतं. त्यावर डीसी ब्लॉकर: १०,००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे दोन कपॅसिटर पाठीला पाठ लावून, त्यांच्यावर ३५ अँपचा ब्रिज रेक्टिफायर, धन आणि ऋण टोकं एकमेकांना जोडलेला. चालू करतानाचा धक्का ब्रिज सोसतो, कपॅसिटर वाचतात.

गुंजारव
फ्रिजचं राहिलं.

फेजन्यूट्रल
फ्रिजच्याच सॉकेटावर उपाय करायचा. ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ कपॅसिटर आणि १०० ओहमचा फ्यूजिबल रेझिस्टर सिरीजमध्ये, बंद डब्यात, फेज आणि न्यूट्रलमध्ये. दोन्ही एकत्र साच्यात ओतलेले तयार आरसी स्नबर (ठिणगीचा धक्का शोषणारे) मिळतात, तेच घ्या. साधा पॉलिएस्टर कपॅसिटर लाइनवर कधीच लावू नये, एक्स२ च हवा, तो बिघडला तरी पेटू नये असा बनवलेला असतो. फ्रिज आणि संच एकाच एमसीबीवर असतील तर वेगळे करता आले तर उत्तम. त्यानंतरही टक् उरला तर अँपच्या पॉवर केबलला फेराइट रिंगमधून तीन-चार वेढे द्या. एक वेढा आणि तीन वेढे यांत नऊ पटींचा फरक असतो, म्हणून नुसती क्लिप अडकवून थांबू नका.

पंख्याचा रेग्युलेटर गोल फिरणारा, सलग वेग बदलणारा असेल तर तोही बदला. ट्रायकवाला प्रत्येक अर्ध्या वेव्हला खरखर टाकतो. पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला काहीच टाकत नाही.

पंचमनिषाद
अप्रतिम. मग मूळ प्रश्न: स्ट्रिप कोणती?

फेजन्यूट्रल
विकत घ्यायची तर: आयएसआय खूण, आयएस १२९३ प्रमाणे ६ अँपची शटरवाली तीन पिनांची सॉकेटं, युनिव्हर्सल नकोत. केबल तीन कोअरची, निदान १.५ चौरस मिमी, दीड मीटर. प्रत्येक सॉकेटला वेगळा स्विच नको, तेवढे सांधे वाढतात. दुकानातच प्लग घुसवून स्ट्रिप उचलून बघा, प्लगला धरून स्ट्रिप लोंबली पाहिजे. अशी स्ट्रिप हजार-दीड हजारात येते. १८ हजारातलं रोडियम घरच्या संचाला काहीही देत नाही.

बनवायची तर १२ मॉड्युलची धातूची पेटी, त्यात २ मॉड्युलची पाच सॉकेटं आणि एक डीपी (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा) स्विच. आत १.५ चौरस मिमीच्या तारा, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही सॉकेटांना अखंड, मध्ये पीळ मारून टेप नको. मऊ तारेच्या टोकाला झाळ लावून स्क्रूखाली घालू नये, शिसं-कथिल दाबाखाली हळूहळू सरकतं आणि महिन्याभरात स्क्रू सैल होतो. त्याऐवजी योग्य मापाचं थिंबल क्रिम्प करा. केबल आत येते तिथे ग्लँड, पेटीला वेगळी अर्थ तार. सॉकेटकडे तोंड करून उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. शेवटी कंटिन्युइटी तपासल्याशिवाय भिंतीत लावू नका.

शून्य_ओहम
लोडची काळजी नको. ६० वॅटचा तुमचा अँप पूर्ण आवाजात २०० वॅटच्या आसपास घेईल, टीव्ही-पीसी धरून ५००-६००. ६ अँप म्हणजे १३८० वॅट. म्हणून सगळा संच, टीव्ही आणि पीसीसह, एकाच भिंतीच्या सॉकेटावर आणि एकाच स्ट्रिपवर आणा. त्यात पीसी आणि अडॅप्टर एका टोकाला, अँप आणि फोनो केबलच्या बाजूला. स्ट्रिपमध्ये दुसरी स्ट्रिप लावू नका.

आणि अँप चालू करताना एमसीबी उडत असेल तर तो बी कर्व्हचा आहे का बघा. ६ अँपचा बी १८ ते ३० अँपच्या धक्क्यालाच उडतो, सी कर्व्ह ३० ते ६० ला. टोरॉइडचा पहिला धक्का सहज तेवढा असतो.

जुनी_तबकडी
फोनोचा अडॅप्टर दोन पिनांचा असेल तर एक फुकटचा प्रयोग: सगळ्या आरसीए काढून मल्टीमीटरने प्रीअँपच्या ग्राउंड स्क्रूपासून स्ट्रिपच्या अर्थपर्यंत एसी व्होल्टेज मोजा. मग प्लग उलटा लावून पुन्हा मोजा. ज्या बाजूला आकडा कमी, त्या बाजूला प्लगवर मार्करने खूण करून तसाच ठेवा.